नगरपरिषदेचे जुने संगणक, थिन क्लायंट आणि लिनक्स: कोणी प्रत्यक्ष चालवलंय का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एका 'ब' वर्ग नगरपरिषदेत संगणकाचं काम बघतो. सर्व्हरपासून टोनरपर्यंत सगळं माझ्याकडेच. शंभरेक डेस्कटॉप आहेत, बहुतेक २०१४ ते २०१७ दरम्यान घेतलेले. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे आमची जवळपास सगळी यंत्रं कागदोपत्री बाद. प्रत्यक्षात ती धडधाकट आहेत. कीबोर्ड झिजलेत, बाकी काही नाही.

माझ्या डोक्यात असं आहे: एक दणकट सर्व्हर घ्यायचा, जुन्या यंत्रांच्या हार्डडिस्क काढून टाकायच्या आणि सगळी नेटवर्कवरून लिनक्स बूट करायची. जन्म-मृत्यू, करवसुली, आवक-जावक, आस्थापना यांचं बरंचसं काम आता ब्राउझरमध्येच चालतं. मुख्याधिकारी साहेब ऐकायला तयार आहेत. पण 'फुकट आहे म्हणून घ्या' एवढंच मला सभेत सांगायचं नाही. सरकारी कचेरीत हे वर्षानुवर्षं चाललेलं एखादं उदाहरण हवं, आणि कुठे अडतं तेही आधी कळायला हवं.

विदागार
उदाहरण आहे, आणि तेही नगरपालिकेचंच. फ्लोरिडातलं लार्गो शहर, टाम्पाच्या पलीकडे पिनेलस काउंटीत. तिथे नव्वदच्या दशकापासून मध्यवर्ती सर्व्हर आणि टेबलावर टर्मिनल अशीच रचना होती. आधी एससीओ युनिक्स, मग २००१ च्या सुमारास लिनक्स. डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, सुरुवातीला केडीई, नंतर ग्नोम. वापरणारे आठशेच्या आसपास, त्यात पोलीस आणि अग्निशमनवालेही आले. तिथले प्रशासक डेव्ह रिचर्ड्स यांनी याबद्दल बरीच वर्षं ब्लॉग लिहिला. सरकारी लिनक्सवर इतकं तपशीलवार लिखाण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्यांनी सगळं एका यंत्रावर कोंबलं नव्हतं हे ध्यानात घ्या. डेस्कटॉपचा सर्व्हर वेगळा, ऑफिसचा वेगळा, मेलचा वेगळा, ब्राउझरचा वेगळा. ब्राउझरने सर्व्हरचा जीव घेतला तरी ऑफिसमधली फाइल शाबूत. आणि विंडोजशिवाय न चालणारी सॉफ्टवेअरं त्यांनी नाकारली नाहीत. ती विंडोज सर्व्हरवर चालत आणि लिनक्सच्या पडद्यावर एका खिडकीत दिसत. म्हणून कुठल्याही विभागाला 'आमचं काम यावर होत नाही' म्हणता आलं नाही.

थिन क्लायंट ही कल्पना नवीन असणाऱ्यांसाठी: टाकी गच्चीवर, टेबलावर फक्त नळ. प्रोग्राम सर्व्हरवर चालतो, तुमच्यापर्यंत चित्र येतं आणि तुमच्याकडून कळा आणि माउस जातो.

नागझरी
आणि टाकी आटली की अख्खं घर कोरडं! सर्व्हर बसला तर शंभर टेबलं एकदम बंद. आता निदान एक पीसी बिघडला तर एकच माणूस अडतो. आमच्या तालुक्याच्या गावी पावसाळ्यात वीज पडून स्विच जळणं नेहमीचं आहे.

दुसरं, मराठीचं काय? हा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. तीस वर्षांचे ठराव, टिपण्या, ज्येष्ठता याद्या जुन्या फॉन्टांत पडल्या आहेत. कुठे श्रीलिपी, कुठे डीव्ही-टीटी सुरेख. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की चौकोन नाहीतर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. लिपिक काय म्हणणार? 'लिनक्सने फाइल खराब केली.'

रेवाकिनारा
@नागझरी, मुद्दा रास्त आहे, पण तो लिनक्सचा नाही. ती फाइल फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तशीच दिसते. त्या फॉन्टांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेलं असतं. शासनाने युनिकोड वापरण्याच्या सूचना दिल्याला किती वर्षं झाली! ते काम आज ना उद्या करायचंच आहे. फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेली प्रत मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. रफार, अर्धा र आणि 'श्र' हमखास चुकतात. तुकाराम नेहमी बरोबर येतो, कार्यालय चुकतं!

टंकलेखनाबद्दल: इनस्क्रिप्ट लिनक्समध्ये आधीपासून असतं. रोमनमधून टाइप करणाऱ्यांना आयबस या टंकनाच्या साधनात गमभनसुद्धा मिळतं. खरी अडचण मराठी टंकलेखन परीक्षा देऊन आलेल्या जुन्या लिपिकांची. त्यांची बोटं रेमिंग्टनच्या कळांवर बसलेली आहेत. त्यांच्या बोटांचा वेग हीच त्यांची कमाई आहे, ती हिरावून घेऊन बदल रेटायचा नाही. त्यांचा आराखडा आधी चालवून बघा, त्यांनाच एक पानभर टाइप करायला लावा, आणि त्यांनी 'चालेल' म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दप्तरवाली
मी संगणकातली नाही, पण टेबलाच्या या बाजूला बसते म्हणून लिहिते. एका नगरपालिकेत कनिष्ठ लिपिक आहे. जूनमध्ये शाळाप्रवेशासाठी जन्मदाखल्यांची रांग लागते, मार्चअखेरीला मालमत्ता कराची. त्या दिवसांत आम्हाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर बसवतात. माझे नमुने, माझी अर्धवट यादी, सगळं माझ्या यंत्रावर. मग पेनड्राइव्ह घेऊन पळापळ, आणि त्या पेनड्राइव्हमधून व्हायरस.

तुमच्या या पद्धतीत कुठल्याही खिडकीवर बसले तरी माझंच सगळं समोर येईल का? येत असेल तर लिनक्स की विंडोज याने मला काही फरक पडत नाही. रांगेतल्या माणसाला 'थांबा' म्हणावं लागू नये, एवढंच.

विदागार
येईल, ताई. खऱ्या थिन क्लायंटवर तर अर्धवट लिहिलेलं वाक्यसुद्धा तसंच समोर येईल, कारण तुमचं सत्र सर्व्हरवर चालूच असतं. कृष्णाकाठ, सभेत सांगायचा पहिला मुद्दा हा आहे. परवान्याचे पैसे दुसरे.

घाटपायथा
उत्साहात एक मोठी गोष्ट राहून जातेय. लार्गोचा काळ वेगळा होता. तेव्हा पडद्यावर राखाडी खिडक्या आणि अक्षरं असायची, दूरस्थ एक्सला (लिनक्सची खिडकी तारेवरून दुसऱ्या पडद्यावर दाखवायची जुनी पद्धत) ते सहज झेपायचं. आज कचेरीत काय चालतं? जिल्हाधिकारी कार्यालयाची व्हीसी. प्रशिक्षणाचे व्हिडिओ. आता गणित करा: १०२४ × ७६८ चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला २५ चौकटी. साधारण ५९ मेगाबाइट दर सेकंदाला, म्हणजे ४७० मेगाबिटच्या वर. एका माणसाला! जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर एकाचाही व्हिडिओ नीट चालणार नाही. आरडीपी, एक्स२गो वगैरे दूरस्थ पडद्याच्या पद्धती चित्र दाबून पाठवतात हे खरं, पण दाबायला सर्व्हरचा प्रोसेसर जळतो.

आणि रॅम. ब्राउझर, पाच-सहा टॅब आणि लिब्रेऑफिस मिळून माणशी दीड जीबी धरा. चाळीस माणसं एका वेळी म्हणजे ६० जीबी फक्त त्यातच गेली.

म्हणून माझं स्पष्ट मत: कृष्णाकाठ यांनी थिन क्लायंट करूच नये. त्यांच्याकडची यंत्रं २०१४ ची आहेत, १९९९ ची नाहीत. प्रत्येकात चार जीबी रॅम असेल तर यंत्र नेटवर्कवरून बूट होऊ द्या, प्रोग्राम मात्र तिथल्या तिथे चालू द्या. डिस्कलेस किंवा फॅट क्लायंट म्हणतात ते. एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, १९९९ मध्ये सुरू झाला तो थिन क्लायंटसाठी. २०१९ मध्ये तो ग्रीसच्या अल्किस जॉर्जोपुलोस यांनी जवळपास नव्याने लिहिला, आणि आता त्याचा मुख्य भर याच पद्धतीवर आहे. तिकडच्या शाळांच्या प्रयोगशाळा यावर चालतात.

कृष्णाकाठ
@घाटपायथा, हे फार उपयोगी आहे. म्हणजे सर्व्हरवर फक्त एक प्रतिमा (अख्ख्या सिस्टीमची तयार प्रत) आणि लोकांच्या फाइली, बरोबर? मग एखादं अपडेट करायचं तर?

घाटपायथा
बरोबर. सर्व्हरवर एकच प्रतिमा, स्क्वॉशएफएस नावाच्या स्वरूपात दाबलेली, फक्त वाचता येणारी. सगळी यंत्रं तीच उचलतात. फायरफॉक्स अपडेट करायचा तर एकदा सर्व्हरवर करा, प्रतिमा पुन्हा बांधा, दुसऱ्या दिवशी पावणेदहाला शंभर यंत्रांवर नवा फायरफॉक्स. कोणी डेस्कटॉपवर काहीही उलटंपालटं केलं तरी बंद करून चालू केलं की कोरं.

मात्र ती पावणेदहाची वेळच कसोटीची. सगळे एकदम बटण दाबतात आणि सर्व्हरच्या तारेवर गर्दी होते. सर्व्हर ते मुख्य स्विच निदान गिगाबिट हवं, जमलं तर दोन तारा जोडून. सर्व्हरला एसएसडी. यात कंजुषी केलीत तर पहिल्याच सोमवारी लोक 'जुनं बरं होतं' म्हणतील.

दप्तरवाली
म्हणजे ते अर्धवट वाक्य तसंच राहण्याचं गेलं का?

घाटपायथा
अर्धवट वाक्य गेलं, फाइली राहिल्या. जतन केलेलं सगळं, बुकमार्क, कीबोर्डची मांडणी, कुठल्याही खिडकीवर तुमचंच. आधीच्या यंत्रातून बाहेर पडून नव्यात शिरायचं, एवढा मिनिटभराचा खोळंबा.

इझारकाठ
म्युनिकमध्ये राहतो, त्यामुळे लिमक्सबद्दल, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या लिनक्स प्रकल्पाबद्दल, इथे कोणी तरी विचारणारच हे ठाऊक होतं. :) २००३ मध्ये इथल्या नगरसभेने लिनक्सकडे जायचा निर्णय घेतला. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर सुट्टीवरून उठून महापौरांना भेटायला आले होते. २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास डेस्कटॉप बदलून झाले, आणि २०१७ मध्ये नगरसभेनेच विंडोजकडे परतायचं ठरवलं.

ते थिन क्लायंट नव्हते, साधे पीसीच होते. पण धागाकर्त्यांना उपयोगी पडेल असं सांगतो. शहराच्या प्रत्येक खात्याचा स्वतःचा संगणक विभाग होता आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. तक्रारींतल्या कित्येक या विस्कळीतपणाच्या होत्या, बोट मात्र लिनक्सकडे दाखवलं गेलं. पत्रांचे हजारो नमुने आणि मॅक्रो होते, त्यासाठी त्यांनी वोलमक्स नावाचं साधन स्वतः बांधलं. ते चांगलं होतं, पण सांभाळायला माणसं कायम लागणारच होती. आणि नवा महापौर आला की जुन्याचा प्रकल्प पोरका होतो, हे जर्मनीतही चुकत नाही.

उलट उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ठरवलं ते क्रमाने: आधी सुमारे ३० हजार टेबलांवर लिब्रेऑफिस, ऑपरेटिंग सिस्टीम त्यानंतर. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीसदलाने तर हे फार आधी केलं. २००५ पासून ओपनऑफिस, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि लोकांचे हात बसल्यावर उबुंटू हा लिनक्सचा प्रकार. शिपायाच्या दृष्टीने बदलाच्या दिवशी बदललं काय, तर वॉलपेपर.

नागझरी
हा क्रम पटला. मग आजच विंडोजवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स टाका की. सर्व्हर घेईपर्यंत सहा महिने निविदेतच जातील.

मलबारी_मराठी
+१ नागझरींना. नोकरीनिमित्त केरळात आहे, मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली. इथे आयटी@स्कूल हा शाळांचा संगणक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, २०१७ पासून त्याचं काइट झालं. शाळांमधले संगणक ग्नू/लिनक्सवर, पाठ्यपुस्तक त्यावर, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच. शिक्षकांतूनच मास्टर ट्रेनर तयार केले. प्रिंटर अडला की शेजारच्या शाळेतल्या बाई येऊन सोडवतात.

आपल्याकडे एमएस-सीआयटी झालेला प्रत्येक कर्मचारी विंडोज शिकून आला आहे. तो लिनक्सला नावं ठेवतो यात त्याचा काय दोष? त्याला कोणी शिकवलंच नाही.

टेबलखालून
मी पुरवठादाराच्या बाजूने काम केलंय, आता सोडलं. निविदेबद्दल बोलतो. केंद्र सरकारचं २०१५ चं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण आहे, सीडॅकचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेली माया प्रणाली आणली. पण तालुक्याच्या निविदेत तपशील लिहिताना मागच्या वर्षीचा कागद उचलतात आणि त्यात 'विंडोज प्रो प्रीलोडेड' आधीच छापलेलं असतं. ते कोणी मुद्दाम करतं असं नाही, कोणी वाचतच नाही.

पुढची पायरी याहून वाईट. सर्व्हर बसवायचं कंत्राट निघतं, चालवायचं निघत नाही. एका कार्यालयात आम्ही थिन क्लायंट बसवून दिले. वर्षभर छान चालले, मग देखभालीचा करार सर्वात कमी दरवाल्याला गेला. त्याच्याकडे लिनक्स येणारा एकही मुलगा नव्हता. पासवर्डचा कागद कुणाकडे आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. एकेक करत सगळ्या टेबलांवर पुन्हा पीसी आले. सर्व्हर कपाटात होता, चालू.

विदागार म्हणतात ते लार्गोचं यश मला खरं वाटतं, कारण तिथे तोच माणूस वर्षानुवर्षं तिथेच होता, लोकांच्या टेबलाशी जाऊन बसत होता. कृष्णाकाठ, तुमची नेमणूक कंत्राटी आहे का? राग मानू नका, पण सगळा प्रकल्प या उत्तरावर आहे.

कृष्णाकाठ
राग कसला. कंत्राटीच आहे, दर ११ महिन्यांनी नव्याने. तुमचा मुद्दा लागला.

रेवाकिनारा
मग प्रस्तावातच लिहा: आस्थापना आणि कर विभागातला एकेक कायम कर्मचारी सोबत तयार करायचा. त्यांना सर्व्हर चालू-बंद करणं, प्रतिमा बांधणं, नवा वापरकर्ता उघडणं एवढं आलं पाहिजे. सगळं मराठीत लिहून, छापून, सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. पासवर्ड बंद लिफाफ्यात मुख्याधिकाऱ्यांकडे.

सहीशिक्का
डिजिटल सहीचं कोणी बोललंच नाही! दाखले, देयकं, ई-निविदा, सगळीकडे यूएसबी टोकन लागतं. खऱ्या थिन क्लायंटमध्ये टोकन टेबलावर आणि ब्राउझर सर्व्हरवर, त्यामुळे यूएसबी नेटवर्कवरून तिकडे पोचवावं लागतं आणि तिथेच घोळ होतो. फॅट क्लायंटमध्ये ही भानगड नाही, टोकन आणि ब्राउझर एकाच यंत्रात. ईपास २००३ सारखी टोकनं ओपनएससी या मुक्त सॉफ्टवेअरने लिनक्सवर चालतात. पण पोर्टलवाल्यांचं सही करायचं छोटं सॉफ्टवेअर बरेचदा फक्त विंडोजचं असतं. ज्या अधिकाऱ्यांची सही लागते त्यांच्या टेबलांची आधी यादी करा.

घाटपायथा
आणि बांधकाम विभाग तर सोडूनच द्या. नकाशे ऑटोकॅडमध्ये येतात, त्यांना विंडोज ११ ची दोन-चार नवी यंत्रं घेऊन द्या. लार्गोनेही सगळीकडे एकच ठेवलं नव्हतं, हे वर आलंच आहे.

@नागझरी, तुमचा पहिला आक्षेप राहिला होता. सर्व्हर एक असेल तर बंद पडणारच, म्हणून दोन घ्या, प्रतिमा दोन्हीकडे ठेवा. फाइलींची प्रत रोज रात्री दुसऱ्यावर. विजेसाठी: सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर हवेतच, आणि स्विचकडे नीट लक्ष द्या. डिस्कलेस यंत्राची तार क्षणभर तुटली तर ते जागीच गोठतं, परत जोडली की पुढे चालतं. लोक मात्र घाबरून बटण दाबतात आणि न जतन केलेलं घालवतात. हे पहिल्याच दिवशी शिकवा.

नागझरी
दोन सर्व्हर म्हटल्यावर माझा विरोध बराचसा मावळला. फाइली टेबलावर राहत नाहीत ही गोष्ट तर मला आवडलीच. आमच्या ओळखीच्या एका कार्यालयात रॅन्समवेअर आलं तेव्हा लेखा विभागाची वर्षाची कामं एका पीसीवर होती आणि प्रत कुठेच नव्हती.

विदागार
एक तांत्रिक भर, कारण पुढे कोणी हा धागा शोधत येईल. ज्यांना खरा थिन क्लायंटच करायचा आहे त्यांनी जुन्या दूरस्थ एक्सवर नवीन बांधकाम करू नका. डेस्कटॉप एक्स सोडून वेलँड या नव्या पद्धतीकडे गेलेत आणि त्यात एक्ससारखी खिडकी तारेवरून पाठवायची सोय मुळात नाही. ग्नोम ४६ पासून, म्हणजे २०२४ पासून, आरडीपीने थेट दूरस्थ लॉगिन करता येतं. पुढचा रस्ता तो आहे.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय:

या महिन्यापासून सगळीकडे विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स. त्याच वेळी ठरावांच्या फाइली युनिकोडमध्ये घ्यायला सुरुवात. जन्म-मृत्यू आणि करवसुलीच्या खिडक्या पहिल्यांदा डिस्कलेस करणार, कारण तिथे ब्राउझर आणि प्रिंटर एवढंच लागतं. जुनाच एक बरा पीसी तात्पुरता सर्व्हर म्हणून, रॅम वाढवून. मार्चची रांग ओसरल्यावर, एप्रिलमध्ये. बांधकाम, लेखा आणि सहीची टेबलं यात नाहीत. करवसुलीतल्या एका ताईंनी शिकायची तयारी दाखवलीय, त्या कायम आहेत.

एक शंका: आमच्या नेटवर्कला पत्ते वाटायचं काम इंटरनेटवाल्याचा राउटर करतो. त्याला हात लावू देत नाहीत. मग नेटवर्क बूट कसं करायचं?

घाटपायथा
हात लावायची गरजच नाही. डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी-डीएचसीपी पद्धतीने लावा, एलटीएसपीत ते मुळातच तसं येतं. राउटर पत्ते देत राहील, तुमचा सर्व्हर फक्त बूटची फाइल कुठे आहे ते सांगेल. बायॉसमध्ये नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणा आणि पहिल्या यंत्राची हार्डडिस्क तेवढी आत्ताच काढू नका. काही अडलं तर पडद्याचा फोटो इथेच टाका.

दप्तरवाली
आणि प्रिंटर आधी लावून बघा हो. दाखला छापून हातात पडल्याशिवाय रांग हलत नाही.